आधी आमच्या वाफ्यांवर चाचणी करा, मग औषध ठरवा

प्रति,
मध्य प्रदेशातल्या सरकारी रोपवाटिका चालवणारे, त्यांच्यासाठी औषधांची खरेदी ठरवणारे आणि त्या खरेदीला तांत्रिक मान्यता देणारे सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

येत्या हंगामापासून सरकारी लागवडीला रोपं पुरवणाऱ्या प्रत्येक रोपवाटिकेने पेरणीआधी वाफ्यांची माती फ्युमिगंट, म्हणजे मातीत वायू सोडून जंतू मारणारं औषध, घालून निर्जंतुक करावी, आणि तसा दाखला नसेल तर रोपं उचलली जाणार नाहीत, असं आपल्या पत्रात म्हटलं आहे. सोबतच्या तक्त्यात दोनच औषधं आहेत : डॅझोमेटचे दाणे आणि फॉर्मेलिन. हीच दोन का, याचं कारण एका ओळीत दिलं आहे : 'पाइनच्या रोपवाटिकांमध्ये परिणामकारक ठरलेली'. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे.

आमची रोपवाटिका इंदूरच्या बाहेर, खंडवा रोडवर आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि माझा भाऊ चालवतो. साग, बांबू, खमेर, करंज, आवळा आणि शहरातल्या बागांसाठी फुलझाडं असा आमचा व्याप. मी वानिकी शिकले ती हिमाचलात, सोलनजवळ नौणीच्या विद्यापीठात, आणि तिथे चीडच्या रोपांवर काम केलं. चीड हा हिमालयातला पाइनच. तेव्हा पाइनचं नाव पुढे करून माळव्याच्या मातीत काय ओतायचं ते ठरवलं जातं आहे, हे वाचून मला गप्प बसवेना. हिंदीतलं रीतसर निवेदन मी देऊन पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. आता हेच मराठीत आणि सर्वांसमोर मांडते आहे, कारण रामबाग, तिलकनगर, सुदामानगर इथल्या मराठी घरांत आमचीच रोपं जातात आणि ती कशा मातीतून येतात हे त्या माणसांनाही कळायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगते. मातीतले रोग हा काही आपण कागदावर तयार केलेला प्रश्न नाही. पहिला पाऊस पडून गेल्यावर गादीवाफ्याशी उकिडवं बसून पाहिलं की तो डोळ्यांना दिसतो. संध्याकाळी तरतरीत असलेलं रोप सकाळी आडवं झालेलं असतं. पानं अजून हिरवी, पण जमिनीलगत खोड दोऱ्यासारखं बारीक, तपकिरी, पाणथळ. चिमटीत धरलं की वरचा भाग हातात येतो आणि मूळ खालीच राहतं. ही मर एका जागी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ताटाएवढं टक्कल पाडते. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम या बुरशा त्यामागे असतात. त्यात मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी आणि लव्हाळ्याचं तण. लव्हाळ्याच्या गाठी कितीही खुरपा, खालून पुन्हा कोंब येतोच. १४ जुलै २०२४ ला इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावली गेली. अशा मोहिमांसाठी ठरल्या तारखेला ठरली संख्या द्यायची तर रोपवाटिकांवर किती ताण येतो हे आम्ही जाणतो. माती स्वच्छ हवी याबद्दल आमचं आपल्याशी काहीच भांडण नाही.

भांडण आहे ते न तपासता ठरवण्याशी. पाइनच्या रोपवाटिकांत नेमकं काय झालं ते आपल्या तक्त्यात नाही, म्हणून मी थोडं सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा आणि आसपास, वर्षाला शंभर कोटींच्या घरात पाइनची रोपं तयार होतात. बहुतेक लॉबलॉली आणि स्लॅश जातीची, पिशवीत नव्हे, उघड्या वाफ्यात. तिथे अनेक दशकं मिथाइल ब्रोमाइड आणि क्लोरोपिक्रिन यांचं मिश्रण ट्रॅक्टरने मातीत सोडून वर प्लास्टिक अंथरत. बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी, सगळं एका फटक्यात जाई. पण मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर खातं. १९९२ साली ते मॉन्ट्रियल कराराच्या यादीत आलं, १९९७ साली ते बंद करण्याचं वेळापत्रक ठरलं : विकसित देशांसाठी २००५, आपल्यासारख्या देशांसाठी २०१५. निर्यातीच्या मालाला आणि कीड-रोग पसरू नये म्हणून अडवून ठेवलेल्या मालाला धुरी देण्यासाठी सूट राहिली.

मग त्यांनी पर्याय शोधायला घेतला. ऑबर्न विद्यापीठात रोपवाटिकांची एक सहकारी संशोधन संस्था १९७० च्या दशकापासून आहे. तिने आणि तिथल्या वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी चालू रोपवाटिकांमध्येच, वेगवेगळ्या राज्यांत, वर्षानुवर्षं प्रयोग लावले. क्लोरोपिक्रिन एकटं, क्लोरोपिक्रिन आणि डायक्लोरोप्रोपीन मिळून, डायमिथाइल डायसल्फाइड, मेटाम सोडियम, डॅझोमेट, मिथाइल आयोडाइड, असं एकेक औषध घेतलं. तुलनेला जुनं मिथाइल ब्रोमाइड ठेवलं आणि काहीच न घातलेले वाफेही ठेवले. चौरस फुटात किती रोपं तगली, बुंध्याची जाडी किती, मुळांचं वजन किती, तण किती, मातीत ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी किती उरली, हे सगळं मोजलं.

निकाल सरळ नव्हते. क्लोरोपिक्रिनने मुळांचे रोग आवरले, पण लव्हाळ्यापुढे ते एकटं कमी पडलं. डॅझोमेटचं एका ठिकाणी जमलं आणि दुसऱ्या ठिकाणी फसलं, कारण त्याचं यश मातीतला ओलावा, दाणे किती खोल आणि किती सारखे मिसळले, वरून पाणी देऊन मातीचं तोंड कसं बंद केलं, यावर ठरतं. अशा औषधांचा वायू शेजारच्या उभ्या वाफ्यांवर सरकून तिथली रोपं करपल्याच्याही नोंदी आहेत. मिथाइल आयोडाइडला २००७ साली तिथे मंजुरी मिळाली, वाफ्यात ते चांगलं चाललं, पण ते किती विषारी आहे यावर शास्त्रज्ञांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनी इतक्या हरकती घेतल्या की २०१२ साली कंपनीने ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं.

म्हणजे पाइनवाल्यांकडून शिकण्यासारखं काही असेल तर ती चाचणीची पद्धत आहे. आपण त्यांचं एक उत्तर उचललं आणि पद्धत तिथेच सोडली.

आता ते उत्तर आमच्याकडे का चालणार नाही, निदान तपासल्याशिवाय का चालवू नये, ते सांगते. यातला सर्वांत मोठा मुद्दा औषधाचा नाहीच, झाडाचा आहे.

पाइनचं मूळ एकटं जगत नाही. त्याच्या बारीक मुळांवर एक बुरशी मोज्यासारखी चढलेली असते. ती मातीतलं पाणी आणि स्फुरद मुळाला आणून देते आणि झाडाकडून साखर घेते. ती नसेल तर पाइनचं रोप पिवळं पडून खुंटतं. नौणीला आम्ही चीडच्या नव्या वाफ्यात जुन्या चीडच्या जंगलातली माती मुद्दाम मिसळायचो ती याचसाठी. फ्युमिगंटने ही बुरशीही मरते. पण पाइनच्या सोबतीच्या या बुरशा पावसाळ्यात भूछत्रं वर काढतात आणि त्यांचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. अमेरिकेच्या त्या रोपवाटिकांभोवती मैलोनमैल पाइनचीच जंगलं आहेत. माती निर्जंतुक केली तरी बुरशी वाऱ्याने परत येते आणि रोपं सावरतात.

साग, बांबू, खमेर, आवळा, चिंच, आंबा यांच्या मुळांतली सोबती बुरशी वेगळ्याच कुळातली. ती मुळाच्या पेशीत शिरून राहते, भूछत्र काढत नाही, तिचे बीजाणू मातीतच बनतात आणि मातीतच राहतात. वाऱ्यावर ती सहजासहजी येत नाही. वाफ्यात मेली की कुणी आणून घालेपर्यंत किंवा पाण्या-मातीबरोबर हळूहळू सरकत येईपर्यंत वाफा रिकामाच. लिंबूवर्गीय रोपांमध्ये आणि स्वीटगमसारख्या पानझडी झाडांमध्ये फ्युमिगेशननंतर हेच झालेलं आहे, आणि ते अनेक दशकांपासून नोंदलेलं आहे : रोग नाही, तण नाही, खत घातलेलं, आणि तरी रोपं वीतभर राहून थांबलेली, कारण समोर असलेलं स्फुरद मुळाला उचलता येत नाही.

सागाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो बघा. सागाचं रोप आपण वाफ्यात वर्षभर वाढवतो, उपटतो, वर दोन बोटं खोड आणि खाली वीतभर मूळ ठेवून बाकी छाटतो आणि तो स्टंप लागवडीला पाठवतो. अंगठ्याएवढ्या जाडीचा स्टंप चांगला फुटतो, पेन्सिलीएवढा बहुधा वाळतो. निर्जंतुक वाफ्यात रोपं मेली नाहीत पण बारीकच राहिली, तर आपल्या कागदावर ती 'शंभर टक्के रोगमुक्त' दिसतील आणि डोंगरावर जाऊन मरतील. तिथे त्यांची मोजदाद करायला रोपवाटिकेचा माणूस जात नाही. हा धोका सागाला खरंच किती आहे, कोणत्या मातीत किती आहे, हे फक्त चाचणीने कळेल, आणि नेमकी तीच झालेली नाही.

दुसरी गोष्ट मातीची. त्यांच्या पाइनच्या रोपवाटिका शोधून शोधून रेताड, आम्लधर्मी जमिनीवर वसवलेल्या आहेत. आमची काळी माती निम्मी-अर्धी चिकणमातीच, आणि सामू (पीएच) साताच्या वरच. वाफसा गेला की ती कडक होऊन भेगाळते, ओली असली की तिच्यात हवाही खेळत नाही. डॅझोमेटचा दाणा ओल लागली की फुटतो आणि त्यातून मिथाइल आयसोथायोसायनेट नावाचा वायू सुटतो. तो वाळूत सारखा पसरतो. चिकण मातीच्या ढेकळात तो शिरणार किती आणि अडकलेला बाहेर पडणार कधी, याचा अंदाज परदेशी तक्त्यावरून कसा करायचा? तो वायू पुरता गेला की नाही हे पाहायला तिथे एक साधी परीक्षा करतात : वाफ्यातली माती बरणीत भरून तिच्यात हळीव पेरायचे, झाकण लावायचं आणि शेजारी चांगल्या मातीची दुसरी बरणी ठेवायची. दोन्हीकडे हळीव सारखे उगवले तरच पेरणी. बाळंतिणीच्या लाडवांसाठी प्रत्येक मराठी घरात असणारे तेच हळीव. आपल्या पत्रात या परीक्षेचा उल्लेख नाही. 'औषधानंतर १५ दिवसांनी पेरणी' एवढंच आहे, मग माती रेताड असो की काळी, एप्रिल असो की ढगाळ जून.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि इथे माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्यावं.

गेल्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या एका रोपवाटिकेत फॉर्मेलिनचं काम चाललेलं पाहिलं. निळ्या कॅनमधलं फॉर्मेलिन बादलीत ओतून, पाणी घालून, झारीने वाफ्यांवर शिंपडत होते. अंदाज डोळ्यांचा, माप कुणाकडे नव्हतं. आधीच्या वाफ्यांवरचं प्लास्टिक उचलायला अलीराजपूरकडच्या बाया लावल्या होत्या. एकीने कडेची माती सारली, प्लास्टिकचं टोक धरलं, मान पूर्ण उलट्या बाजूला वळवली, डोळे मिटले आणि झटक्यात ओढलं. वाफ बाहेर आली तशी ती मागे सरून ओढणीने डोळे पुसू लागली आणि मग पुढच्या वाफ्याकडे गेली. हातात मोजे नव्हते. तिचं बाळ वाफ्यांच्या टोकाला बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं. मी दहा पावलांवर उभी होते आणि माझ्याही नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुकादमाला म्हटलं, दादा, बाळाला तरी लांब न्या. त्याने झोळी सोडून आणली, पण वाफे तितकेच राहिले होते आणि बाया त्याच.

फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पहिला गट म्हणजे जिथे पुरावा पक्का आहे. आणि आपण ते सक्तीच्या यादीत घातलं आहे.

डॅझोमेटबद्दलही बोलायला हवं, आणि ते जपून. त्यातून सुटणारं मिथाइल आयसोथायोसायनेट आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुटलेलं मिथाइल आयसोसायनेट ही दोन वेगळी रसायनं आहेत. दोन्ही एकच असं सांगून लोकांना घाबरवणं चूक आहे आणि मी तसं करणार नाही. पण पहिलं डोळ्यांना आणि श्वासाला जाळतं हे निर्विवाद आहे, आणि हवेत उन्हाने त्याचं विघटन होताना थोड्या प्रमाणात दुसरं तयार होतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे. डॅझोमेटचं भावंड असलेलं मेटाम सोडियम जुलै १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात रेल्वेचा टँकर उलटून सॅक्रामेंटो नदीत सांडलं तेव्हा साठ किलोमीटरहून लांब पट्ट्यातली नदी मेली. अमेरिकेत २०१२ पासून या औषधांच्या लेबलवरच बंधनं आहेत : भोवती ठरावीक अंतर मोकळं सोडायचं, शेजाऱ्यांना कळवायचं, वाऱ्याचा विचार करून लेखी आराखडा करायचा. इथे आमच्या वाफ्यांना लागून घरं आहेत, विहिरी आहेत, शाळेला जाणारी पायवाट आहे. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला आणून जाळला गेला तेव्हा इंदूर-धारची माणसं रस्त्यावर उतरली होती. या राज्यात वायू सोडणारं औषध गावोगावी पाठवायचं असेल तर लोकांना आधी सांगायला हवं. कायद्यात तशी सक्ती आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा.

मग करायचं काय, असं आपण विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. पर्याय आहेत, पण तेही आंधळेपणाने घ्या असं मी म्हणणार नाही.

पहिला पर्याय ऊन. १९७६ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवलं तर माती इतकी तापते की बऱ्याच बुरशा आणि तणाचं बी मरतं. आमच्या एप्रिल-मे महिन्यांत प्लास्टिकखालची वरची माती पन्नास अंशांच्या पुढे सहज जाते. आम्ही आमच्या वाफ्यांवर हे करतो. नीट ढेकळं फोडायची, भरपूर पाणी द्यायचं, पातळ पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असं ताणायचं, कडा गाडायच्या. काळं प्लास्टिक चालत नाही, ते स्वतः तापतं आणि माती थंड राहते. मर कमी होते हे आम्हाला दिसतं. पण आम्हाला दिसणं आणि चाचणीत सिद्ध होणं यांत फरक आहे. लव्हाळ्याच्या खोल गाठी यातून वाचतात, आणि मॅक्रोफोमिना नावाची बुरशी तर उष्णता बरीच सोसते.

या मॅक्रोफोमिनाकडे मी आपलं लक्ष वेधते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पाइनच्या रोपांची मुळं कोळशासारखी काळी करून मारणारी हीच बुरशी, आणि माळव्याच्या सोयाबीनला कोरड्या वर्षात वाळवणारीही हीच. आमच्या पिशव्यांतली माती बऱ्याचदा सोयाबीनच्या शेतातूनच येते. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच आहे, १९८७ पासून. जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशातल्या शेतीवरच्या संशोधन संस्थेत या बुरशीवर मोहरीवर्गीय पिकांचे अवशेष मातीत गाडून, पाणी देऊन, उन्हात तापवण्याचे प्रयोग झाले आणि नुसत्या उन्हापेक्षा ते सरस ठरले. कारण समजायला सोपं आहे. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो तो आयसोथायोसायनेटच, डॅझोमेटच्या वायूच्या कुळातला, फक्त बियांतून येणारा आणि थोडा. मोहरीची पेंड आपल्या राज्यात मुरैना-भिंडकडे मुबलक आहे. ती किती घालावी, काळ्या मातीत किती दिवस ठेवावी, सागाच्या सोबती बुरशीला तिचा त्रास होतो का, हे कुणीतरी मोजायला हवं.

पिशव्यांच्या मातीसाठी वाफ आहे. साठ अंशांच्या आसपास अर्धा तास वाफ दिली की रोगाच्या बहुतेक बुरशा जातात आणि उपयोगी जीव बरेचसे राहतात. त्याला यंत्र लागेल, इंधन लागेल, पण औषधाच्या खरेदीलाही पैसा लागतोच आहे. ट्रायकोडर्मा आणि निंबोळी पेंड बाजारात सगळीकडे मिळते. त्यातलं चांगलं कोणतं आणि नुसत्या पावडरीचं पाकीट कोणतं, हे सांगणारी तपासणी मात्र आमच्यासारख्यांना परवडत नाही.

आणि कंपोस्ट. १९२४ साली याच इंदुरात वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीने काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख थरांनी रचून, ठरल्या वेळी उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये दोघांनी ती पुस्तकरूपाने मांडली. जगभर तिला आजही इंदूर पद्धत म्हणतात. तो ढीग आतून इतका तापतो की तणाचं बी आणि कितीतरी रोगजंतू त्यातच मरतात. त्या जागी आता कृषी महाविद्यालय आहे. म्हणजे वाफे, शास्त्रज्ञ, विद्यार्थी आणि शंभर वर्षांची परंपरा, सगळं शहराच्या मध्यावर हजर असताना आमच्या मातीचा निर्णय तिकडे न विचारता झाला, याचं वाईट वाटतं.

आता मागण्या.

दाखल्याची अट या हंगामापुरती तरी स्थगित करा. औषध न वापरलेली रोपं केवळ त्या कारणाने नाकारू नका. रोपं पाहा, मुळं धुऊन पाहा, बुंधा मोजा आणि त्यावर घ्या किंवा नाकारा.

यादीतली दोन्ही औषधं वनरोपांच्या वाफ्यांत वापरण्यासाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेली आहेत का, आणि लेबलवर कोणत्या पिकांची नावं आहेत, ती कागदपत्रं जाहीर करा. डॅझोमेट चहावर वापरायला आपल्या देशात मनाई आहे. तेव्हा बाकी कुठे परवानगी आहे, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

फॉर्मेलिन यादीतून काढा. यासाठी चाचणीची वाट पाहायची गरज नाही.

चाचण्या सुरू करा. निदान माळव्याची काळी माती, निमाडची हलकी माती आणि पिशवीतलं मिश्रण अशा तीन ठिकाणी, निदान दोन हंगाम. त्यात डॅझोमेट असू द्या, माझी हरकत नाही. सोबत ऊन, ऊन आणि मोहरीची पेंड, वाफ, इंदूर पद्धतीचं खत आणि काहीच न केलेला वाफा असला पाहिजे. साग, बांबू आणि आणखी एक झाड घ्या. मर किती, तण किती, बुंधा किती, मुळांत सोबती बुरशी किती, प्रति हजार रोपांना खर्च किती, आणि लागवडीनंतर एका वर्षाने जागेवर जिवंत किती, हे मोजा. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच कुठल्याही तक्त्यात नसतो. उन्हाच्या वाफ्यांवरचं प्लास्टिक वापरून झाल्यावर परत गोळा कोण करणार, तेही त्यातच ठरवा.

ज्या रोपवाटिकांत आज हे काम चाललं आहे तिथल्या बायांना वायूसाठीचे योग्य मास्क, चष्मे, मोजे आणि मोजमापाची भांडी या आठवड्यात द्या. वायूचं काम चालू असताना आणि वास पुरता जाईपर्यंत वाफ्यांजवळ लहान मुलं आणि गरोदर बाया नकोत, ही अट लेखी घाला आणि त्यांना समजेल अशा भिलीत-हिंदीत तोंडी सांगा. वर्षातून एकदा डोळे आणि छाती तपासून घ्या. मजूर ठेकेदाराचे असले तरी वाफे आपले आहेत.

चाचण्यांचे निकाल, फसलेल्यांसकट, सर्वांना वाचता येतील असे जाहीर करा.

आमच्या रोपवाटिकेतले सहा गादीवाफे या कामासाठी मी दोन हंगाम विनामूल्य द्यायला तयार आहे. पाणी, निंदणी आणि नोंदवही आमची. आपण शास्त्रज्ञ पाठवा आणि कोणत्या वाफ्यात काय घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्लास्टिक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंथरावं लागेल, तेव्हा उत्तर मार्चअखेरपर्यंत मिळावं ही विनंती.

आपली विश्वासू,
खंडवा रोडवरची एक रोपवाटिका चालक, इंदूर